मध्यान्हीचा थकवा

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ज्या अमेरिकन लोकांनी स्वतःची झीज सोसली, त्यांना तो जोतीरावांनी अर्पण केला होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, फुलांचा व्यवसाय करणाऱ्या पुण्यातील घराण्यातल्या या माणसाला सातासमुद्रांपलीकडच्या त्या लढ्यात आपल्याच घरचे दुःख दिसावे आणि आपल्याच घरची आशाही दिसावी, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. अर्पणपत्रिका ही बहुधा औपचारिक बाब असते. ही तशी नव्हती. माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा, ही तिच्यामागची तळमळ होती.

परंतु ज्या वर्षी पुण्यात हे शब्द छापले जात होते, त्याच वर्षी अमेरिकेतील ते कार्य आतून खचू लागले होते. १३ एप्रिल १८७३ हा दिवस प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा होता. त्या दिवशी लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कचेरीच्या इमारतीचा ताबा राखून बसलेल्या काळ्या नागरिकांवर हल्ला केला, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. मृतांचा नक्की आकडा कधीच लागला नाही. साठपासून दीडशेपर्यंत वेगवेगळ्या संख्या सांगितल्या जातात. पुढे १८ सप्टेंबरला जे कुक यांची बडी पेढी बुडाली आणि देशभर मंदीचे सावट पसरले. त्यानंतर सहाच दिवसांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. एका खंडात पणती लागत होती आणि जिच्यावरून ती लावली ती मशाल दुसऱ्या खंडात मंदावत चालली होती.

राजकीय सुधारणा आणि सामाजिक प्रगती अर्ध्या वाटेवर का अडखळतात? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, विरोधक फार बलाढ्य होते. हे उत्तर खोटे नाही. मात्र ते सोयीचे आहे. विरोधक तर पहिल्या दिवसापासून बलाढ्यच असतात. सुधारणा झाली तीही त्यांचे बळ शाबूत असतानाच झाली. मग मधल्या काळात बदलले काय? आमच्या मते बदलतात ते सुधारणेचे मित्र. आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ इतिहासाचा किंवा राज्यशास्त्राचा उरत नाही, तो नीतीचा होतो. शत्रूच्या बळाबद्दल आपणांस कोणी जाब विचारणार नाही. आपल्या थकव्याबद्दल मात्र विचारला जाऊ शकतो.

अमेरिकेच्या इतिहासात १८६५ ते १८७७ या काळाला ‘पुनर्रचना’ असे नाव आहे. सहा लाखांहून अधिक सैनिकांचे प्राण घेणारे यादवी युद्ध संपले आणि सुमारे चाळीस लाख माणसे गुलामीतून मुक्त झाली. पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या झाल्या: १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व व कायद्यापुढील समानता मिळाली आणि १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही असे ठरले. काल बाजारात विकला जाणारा माणूस आज पंच म्हणून न्यायालयात बसू लागला. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स १८७० मध्ये सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. या काळात दक्षिणेत लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर सुमारे दोन हजार काळी माणसे आली. सर्वांसाठी सरकारी शाळा ही दक्षिणेला ठाऊक नसलेली गोष्ट याच काळात तेथे रुजली. आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवीत. दहा वर्षांच्या आत एवढे घडणे, ही मानवी इतिहासातील एक दुर्मीळ घटना होय.

तरीही तिच्यात पहिली तडा पहिल्याच वर्षी गेली होती आणि ती जमिनीच्या प्रश्नावर गेली. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेर्मन यांनी किनारपट्टीवरील ताब्यात घेतलेली जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनीवर वसली, त्यांनी पेरणी केली, पीक काढले. परंतु लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी या जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचे ठरवले. ही वार्ता सांगण्याचे काम मुक्तांच्या कल्याणासाठी नेमलेल्या खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावर आले. युद्धात उजवा हात गमावलेला हा भाविक ख्रिस्ती सेनानी ऑक्टोबर १८६५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील एडिस्टो बेटावर गेला. तेथील चर्च माणसांनी खच्चून भरले होते. त्याने निर्णय सांगितला तेव्हा सभेत गोंधळ उडाला, आणि मग एका स्त्रीने दुःखाचे गीत सुरू केले, तशी सारी सभा त्यात सामील झाली. हॉवर्ड यांनी त्यांना विनवले की, जुन्या मालकांना क्षमा करा.

त्या बेटावरील माणसांनी नंतर हॉवर्ड यांना जे लिहून कळवले, ते क्षमेवर प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्याने मला झाडाला बांधून फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून मारले, त्याला क्षमा कर असे तुम्ही सांगता, पण मला लाचार ठेवण्यासाठी तो आजही जे करतो आहे, ते पाहून त्याने मला क्षमा केली आहे असे दिसते काय? आम्ही धर्मगुरू म्हणून क्षमेची शिकवण आयुष्यभर देत आलो आहोत आणि देत राहू. पण एका हाताने माणसाची जमीन काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याला क्षमेचा उपदेश करायचा, या व्यवहाराला शुभवर्तमानात आधार नाही. जखय चुंगीदाराने प्रभूचे घरी स्वागत केले तेव्हा लुबाडलेल्याला चौपट परत करीन असे आधी सांगितले; लुबाडलेल्या माणसाने मनाचा मोठेपणा दाखवावा, अशी मागणी त्याने केली नाही.

जमीन गेली आणि हाती कायदा उरला. कायदा राबवायला माणसे लागतात. चाळीस लाख मुक्तांसाठी स्थापन झालेल्या त्या खात्याकडे संपूर्ण दक्षिणेत एका वेळी नऊशेहून अधिक अधिकारी कधीच नव्हते, आणि १८७२ मध्ये ते खातेही बंद झाले.

याच वेळी उत्तरेत, मित्रांच्या घरात, वेगळाच वाद चालला होता. गुलामगिरीविरुद्ध पस्तीस वर्षे झुंजलेले संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी मे १८६५ मध्ये असा ठराव मांडला की, आपले कार्य सिद्धीस गेले आहे, तेव्हा गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करावी. वेंडेल फिलिप्स यांनी त्याला कडाडून विरोध केला. स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनीही सांगितले की, काळ्या माणसाच्या हाती मत येईपर्यंत गुलामगिरी संपली असे म्हणता येणार नाही. हा जुना साप पुढे कोणती नवी कात धारण करून येईल याकडे लक्ष ठेवले पाहिजे. ठराव फेटाळला गेला, पण गॅरिसन बाजूला झाले. त्यांनी आपल्या ‘लिबरेटर’ पत्राचा शेवटचा अंक २९ डिसेंबर १८६५ रोजी काढला. पुढे १८७० मध्ये, पंधरावी घटनादुरुस्ती होताच, संस्थाही विसर्जित झाली.

गॅरिसन यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. एकदा बोस्टनच्या रस्त्यांतून जमावाने त्यांना दोरी बांधून ओढत नेले होते; असा माणूस साठाव्या वर्षी विसावा मागतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आरामखुर्चीतल्या वाचकाला नाही. प्रश्न वेगळा आहे. कार्य संपले आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? ज्याच्या अंगावरून साखळी उतरली त्याने, की ज्याने ती उतरवायला हात लावला त्याने? उपकारकर्त्याच्या दृष्टीने साखळी तुटली की काम संपते. ज्याच्या पायात ती होती त्याला मात्र त्यानंतर चालायचे असते.

आता कोणी म्हणेल, सुधारणा फार घाईने लादली गेली म्हणून ती कोसळली. हा आक्षेप हलका नाही. मानवी कायद्याने माणसांना सद्गुणाकडे एकदम नव्हे, तर क्रमाक्रमाने न्यावे, असे संत थॉमस अक्वायनस यांनीच म्हटले आहे, आणि आमच्या सेमिनरीच्या दिवसांत हे वचन आम्हांला पाठच होते. पण येथे घडले काय ते पाहा. युद्धानंतर लगेचच उभ्या राहिलेल्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या बुरखाधारी संघटनेने खून आणि चाबकाचे राज्य सुरू केले, तेव्हा १८७० व १८७१ मध्ये संसदेने कडक कायदे केले. महान्यायअभिकर्ता एमस एकरमन हे स्वतः दक्षिणेच्या बाजूने युद्धात उतरलेले गृहस्थ. पण त्यांनी हे खटले निष्ठेने चालवले. ऑक्टोबर १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी साउथ कॅरोलायनातील नऊ जिल्ह्यांत विशेष अधिकार वापरले, शेकडो लोक पकडले गेले आणि क्लॅनचा कणा मोडला. १८७२ ची निवडणूक दक्षिणेत त्या मानाने शांततेत पार पडली. म्हणजे इच्छाशक्ती असेल तेथे कायदा चालत होता. ‘क्रमाक्रमाने’ याचा अर्थ एकेक पायरी चढणे असा आहे. तिसऱ्या पायरीवर बसकण मारणे असा नव्हे. एकरमन यांचा राजीनामा त्याच डिसेंबरमध्ये मागून घेण्यात आला.

मग हळूहळू भाषा बदलू लागली. धर्मग्रामाच्या सभांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही क्रिया परिचित असेल. पहिल्या सभेला खुर्च्या अपुऱ्या पडतात. पाचव्या सभेला चिटणीस, खजिनदार आणि धर्मगुरू असे तिघेच उरतात. न आलेला कोणीही ‘हे काम वाईट आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पद्धत बरोबर नाही,’ ‘हिशेब नीट ठेवलेले नाहीत,’ ‘आता सगळ्यांनी मिळून-मिसळून राहावे.’ अमेरिकेतही असेच झाले. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा ज्यांनी लिहिला ते लायमन ट्रम्बुल आणि गुलामगिरीचे कट्टर शत्रू मानले गेलेले संपादक होरेस ग्रीली हे १८७२ मध्ये ग्रँट यांच्या विरुद्ध उभे राहिले. त्यांचा मुख्य आग्रह भ्रष्टाचाराविरुद्ध आणि दक्षिणेशी समेटाचा होता. ग्रीली यांच्याच पत्रातून गुलामगिरीवर आग ओकणारे जेम्स पाइक यांनी साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळावर एक पुस्तक लिहिले आणि काळे प्रतिनिधी राज्य करायला नालायक आहेत, असे चित्र उत्तरेच्या घरोघरी पोहोचवले. भ्रष्टाचार होता, हे खरेच. पण त्याच काळात न्यूयॉर्क शहरात ट्वीड आणि त्याची टोळी त्याहून कितीतरी मोठी लूट करीत होती. ट्वीडला १८७३ मध्ये शिक्षा झाली. त्यावरून गोऱ्या माणसाला मताचा अधिकार देऊ नये, असा निष्कर्ष कोणी काढल्याचे आमच्या वाचनात नाही.

मंदी आली तेव्हा या बदललेल्या भाषेला पोटाचे कारण मिळाले. कारखाने बंद पडले, लोक बेकार झाले; अशा वेळी दूरच्या माणसाचे हक्क मागे पडतात, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याकडे आम्ही कठोरपणे पाहत नाही. मात्र मंदीचा घाव कोणावर बसला हेही पाहावे. मुक्तांसाठी १८६५ मध्ये काढलेली बचत बँक १८७४ मध्ये बुडाली. सुमारे साठ हजार ठेवीदारांचे तीस लाख डॉलरच्या आसपास पैसे अडकले. धुणी धुऊन, ओझी वाहून साठवलेली ती नाणी होती.

आणि मग १८७५ चा सप्टेंबर आला. मिसिसिपीत निवडणुकीच्या तोंडावर काळ्या मतदारांवर उघड हल्ले सुरू झाले. राज्यपाल एडेल्बर्ट एम्स यांनी केंद्राकडे फौज मागितली. ग्रँट यांनी आपल्या महान्यायअभिकर्त्याला पत्र लिहिले. त्यात त्यांनी म्हटले की, दक्षिणेतील दर शरद ऋतूतल्या या उद्रेकांना सारी जनता आता थकली आहे. फौज गेली नाही. नोव्हेंबरमध्ये मिसिसिपी हातची गेली. हे ग्रँट कोण? युद्ध जिंकून गुलामगिरीचा पाया उखडणारे सेनापती आणि चारच वर्षांपूर्वी क्लॅनला चिरडणारे राष्ट्राध्यक्ष.

या ‘थकली’ शब्दापाशी आम्हांला थोडे थांबायचे आहे. थकली कोण? मिसिसिपीतील काळा मतदार थकला नव्हता. मत द्यायला गेलो तर घर जळेल हे ठाऊक असूनही तो मैलोगणती चालत जात होता. ज्याच्या पाठीवर वळ उठत होते तो उभा होता, आणि ज्याला त्या वळांची बातमी न्याहारीच्या वेळी वृत्तपत्रात वाचावी लागत होती तो थकला होता. जगातील बहुतेक सुधारणांचा हाच अनुभव आहे. थकण्याची चैन ज्याला परवडते, तोच आधी थकतो.

आपल्या धर्मपरंपरेने या थकव्याचा फार बारकाईने अभ्यास केला आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी एव्हाग्रियस यांनी साधकाला ग्रासणाऱ्या आठ दुष्ट विचारांत याला स्थान दिले आणि त्याला मध्यान्हीचा सैतान म्हटले. तो रात्री येत नाही, तो भर दुपारी येतो. पहाटेचा उत्साह ओसरलेला असतो, संध्याकाळ दूर असते; सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. मग साधकाला वाटू लागते की ही झोपडीच वाईट, येथील बंधूंना माया नाही, दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा अधिक चांगली होईल. पुढे याच अवस्थेला सात मुख्य पापांत ‘आळस’ असे नाव मिळाले, आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्याचा अर्थ उशिरा उठणे एवढाच उरला! संत थॉमस यांनी मात्र त्याची व्याख्या वेगळी केली आहे. जे ईश्वरी आणि चांगले आहे त्याविषयीच वाटू लागणारे दुःख, ते ओझे वाटणे, म्हणजे हे पाप. असा माणूस रिकामा बसलेला असेलच असे नाही. तो अतिशय कामात असू शकतो. १८७६ मध्ये अमेरिका आपल्या स्वातंत्र्याची शताब्दी साजरी करीत होती. फिलाडेल्फियाच्या भव्य प्रदर्शनात नवनवी यंत्रे धडधडत होती, दोन महासागरांना जोडणारी रेल्वे धावत होती. राष्ट्र क्षणभरही स्वस्थ नव्हते. फक्त एका चांगल्या गोष्टीचे त्याला ओझे झाले होते.

त्याच वर्षीची निवडणूक वादात सापडली. वीस मतांचा निकाल लागेना, तेव्हा पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी कौल दिला आणि रदरफोर्ड हेस एका मताने, १८५ विरुद्ध १८४, राष्ट्राध्यक्ष झाले. एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना येथील शासनगृहांभोवतीची उरलीसुरली फौज बराकीत परत गेली. इतिहासाच्या पुस्तकांत ‘पुनर्रचना’ येथे संपते.

न्यायालयाची कथा याहून बोधप्रद आहे. कोलफॅक्सच्या हत्याकांडाबद्दल नव्वदांहून अधिक जणांवर आरोपपत्र ठेवले गेले, जेमतेम नऊ जणांवर खटला चालला आणि तिघे दोषी ठरले. मार्च १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडले. कारण असे दिले की, घटनादुरुस्ती राज्यांच्या कृत्यांना आवर घालते, खासगी माणसांच्या नव्हे. या न्यायालयातील नऊपैकी आठ न्यायाधीश लिंकन आणि ग्रँट यांनी नेमलेले होते. पुढे १८८३ मध्ये न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली ग्रँट यांनीच नेमलेले होते. त्यांचे म्हणणे असे की, मुक्त झालेल्या माणसाने कायद्याचा खास लाडका राहणे कधीतरी थांबवून सामान्य नागरिक व्हायला हवे. गुलामगिरी जाऊन अठरा वर्षे झाली नव्हती! एकट्या जॉन हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. हार्लन हे केंटकीचे. ते स्वतः एके काळी गुलाम बाळगणाऱ्या घरातले आणि गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीचे विरोधक होते. माणसे दोन्ही दिशांनी बदलतात, हा यातील दिलासा.

‘खास लाडका’ या कल्पनेतच मर्म आहे. सुधारणेला आपण उपकार समजलो की तिला मुदत आपोआप लागते, कारण उपकाराचा कधीतरी कंटाळा येतो आणि ज्याच्यावर तो केला त्याने आता आवरते घ्यावे असे वाटू लागते. ऋण तसे नसते. कर्जदाराला कंटाळा आला म्हणून कर्ज फिटत नाही. संत अँब्रोझ आणि संत ग्रेगरी या दोघांनीही गरिबाला दिलेल्या दानाबद्दल हेच सांगितले आहे: ते तुमचे नसतेच, त्याचे त्याला परत दिलेले असते.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचाही हिशेब चुकवता येणार नाही. सोळावे ग्रेगरी या पोप महोदयांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी मेरीलंडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम लुइझियानात विकले होते आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास लागला. त्याबद्दलची जाहीर क्षमायाचना २०१७ मध्ये झाली. १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ या नावाखाली रेल्वेचे डबे वेगळे ठेवणाऱ्या कायद्याला न्यायालयाने मान्यता दिली. त्या बहुमतात लुइझियानाचे कॅथोलिक न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट होते. आणि ज्या होमर प्लेसीने तो कायदा आव्हानिला, त्याच्या पाठीशी उभा राहिलेला न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल समाजही बहुतांशी कॅथोलिकच होता. एकाच वेदीवरून मिळणारा प्रसाद दोन्हीकडच्या माणसांनी घेतला असणार.

मधल्या काळात मताधिकार कागदावर राहिला. मिसिसिपीने १ नोव्हेंबर १८९० रोजी नवी राज्यघटना स्वीकारली आणि मतासाठी कर व वाचनपरीक्षा घालून काळ्यांचा शब्दही न उच्चारता त्यांना मतदारयाद्यांतून दूर केले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पुण्यात जोतीराव निवर्तले. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे एक लाख तीस हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते अवघे तेराशेच्या घरात उरले. दक्षिणेतून निवडून आलेले शेवटचे काळे प्रतिनिधी जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये संसदेतून बाहेर पडले, आणि त्यानंतर दक्षिणेतून काळा प्रतिनिधी तेथे बसायला १९७३ साल उजाडावे लागले. जोतीरावांच्या पश्चात सत्यशोधक चळवळीलाही ओहोटी लागली होती. १९११ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने तिने पुन्हा उभारी धरली. नंतर तिचे पुष्कळसे पुढारी राजकारणात गेले. राजकारणात जाणे गैर नव्हे, पण गावोगावच्या जलशांतून होणारे कार्य विधिमंडळात होत नसते.

संत थॉमस यांनी धैर्याविषयी केलेले एक विवेचन आम्हांला येथे फार उपयोगी वाटते. धैर्याच्या दोन कृती आहेत, हल्ला चढवणे आणि टिकून राहणे. यांपैकी टिकून राहणे हीच मुख्य आणि अधिक कठीण, असे ते म्हणतात. हल्ला करणाऱ्याला आपण बलवान असल्याची जाणीव असते आणि त्याचा क्षण थोडका असतो. सोसणाऱ्याला आपल्याहून बलवान शक्तीसमोर दीर्घकाळ उभे राहायचे असते. चळवळींना हल्ल्याचे धैर्य बहुधा असते. त्याचे पुतळेही होतात. मतदारयादीत नावे आहेत की नाहीत हे दर वर्षी जाऊन पाहणे, शाळेत शिक्षक येतो की नाही याची चौकशी करणे, खटल्याच्या अकराव्या तारखेलाही साक्षीदाराबरोबर कचेरीत जाणे, या धैर्याला पुतळा नाही आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. पुनर्रचनेला तुटवडा पडला तो या दुसऱ्या धैर्याचा.

सुधारणा मंदावली की लगेच तिचा इतिहासही बदलून लिहिला जातो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुनर्रचना ही एक घोडचूक होती, अडाण्यांच्या हाती दिलेली सत्ता होती, असे मत प्रस्थापित केले; दोन पिढ्या तेच शिकल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात याच विद्यापीठात शिकत होते. या मताला डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये एका प्रचंड ग्रंथाने उत्तर दिले, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे त्यांनी दिलेला इशारा प्रसिद्धच आहे: राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी राज्यघटना स्वीकारली गेली. कार्य सिद्धीस गेले असे म्हणायला त्याहून योग्य मुहूर्त नव्हता, आणि नेमके तेच म्हणायचे त्यांनी टाळले.

येथवर वाचून कोणी निराश झाला असेल, तर त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुनर्रचना हरली, पण तिने लिहून ठेवलेल्या ओळी पुसल्या गेल्या नाहीत. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद न्यायालयाने अवैध ठरवला तो १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे. १९६५ चा मताधिकार कायदा उभा राहिला तो १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीवर. जवळजवळ शंभर वर्षे ती अक्षरे निजून होती. त्या कायद्यालाही पुढे मध्यान्ह आलीच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील एक महत्त्वाचे कलम निष्प्रभ केले. परिस्थिती बदलली आहे, हे त्याचे मुख्य कारण होते. १८८३ चा सूर आमच्या कानांना त्यात ऐकू येतो. इतरांना येणार नाही, हेही आम्ही जाणतो.

कोलफॅक्सला १९२१ मध्ये एक स्तंभ उभारला गेला. त्या ईस्टरच्या दिवशी मारल्या गेलेल्या तीन गोऱ्यांची नावे त्यावर आहेत, आणि ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले असे त्यावर अभिमानाने कोरले आहे. पुढे शासनाने एक फलक लावला. त्यात हत्याकांडाला ‘दंगल’ म्हटले होते आणि तिने दक्षिणेतील परक्यांचा कुकारभार संपला असे लिहिले होते. तो फलक सत्तर वर्षे तेथे होता. २०२१ मध्ये तो काढण्यात आला. १३ एप्रिल २०२३ रोजी, बरोबर दीडशे वर्षांनी, त्या गावात काळ्या दगडाचे एक नवे स्मारक झाले. मारणाऱ्यांच्या एका वंशजाने आणि मारल्या गेलेल्यांच्या एका वंशजाने मिळून ते घडवून आणले. ज्यांची नावे शोधून काढता आली, ती त्या दगडावर कोरली आहेत.